रक्ताला वर्दी कोण देतो?

विळीवर भाजी चिरतांना बोट कापलें तर आपण काय करतों? बोट दाबून धरतों. घरांतलें कोणी तरी धांवत जाऊन हळद आणतें व जखमेंत चेपतें. आणि चार-पांच मिनिटांत रक्त थांबतें. न्हाव्याच्या पेटींत तुरटीचा खडा असतो तो याच कामाचा. हळदीला व तुरटीला त्यांचें मानाचें पान अवश्य द्यावें. परंतु मुख्य काम त्यांनीं केलेलें नसतें. दाबून धरल्यानें थोडें आणि रक्ताच्या स्वतःच्या धर्मानें पुष्कळ, अशी ती वांटणी असते.

आतां कौतुक असें कीं, हेंच रक्त आपल्या अंगांत जन्मापासून मरणापर्यंत वाहत असतें. मोठ्या माणसाच्या शरीरांत तें सुमारें ५ लिटर असतें. केंसाहून बारीक नळ्यांतून तें रात्रंदिवस फिरतें, पण गोठत नाहीं. आणि वाहिनीला भेग पडली कीं त्याच रक्ताचा पाहतां पाहतां गोळा होतो. आपण घराबाहेर पडलों, हें रक्ताला कळतें तरी कसें? त्याला वर्दी कोण देतो?

हवा लागली म्हणून रक्त गोठलें, असें उत्तर घरोघर ऐकूं येतें. तें पटण्याजोगें आहे, पण खरें नाहीं. मुका मार बसून मांडीच्या स्नायूंत रक्त सांडतें, तेथें हवा कोठून येणार? तरी तेंही रक्त गोठतें. वरून फक्त काळानिळा डाग दिसतो. खरें उत्तर असें आहे कीं, गोठण्याची क्रिया सुरू करून देणारी वस्तु निरोगी माणसाच्या वाहत्या रक्तांत जवळजवळ नसतेच; ती रक्तवाहिनीच्या भिंतीपलीकडे असते. सुगरण दुधाचें पातेलें आणि विरजणाचें भांडें वेगवेगळें ठेवते. दोन्ही एकाच फडताळांत असलीं तरी दूध दूधच राहतें. विरजणाचा थेंब दुधांत पडला, म्हणजे मग दूध राहत नाहीं. आपल्या देहांत विधात्यानें नेमकी हीच व्यवस्था केली आहे. वाहिनीच्या आंतल्या अस्तराच्या पेशींवर विरजण नाहीं. अस्तराच्या बाहेरच्या थरांत मात्र तें जागोजाग लावून ठेवलेलें आहे. अस्तर फाटलें कीं दोहोंची गांठ पडते.

या विरजणाला इंग्रजींत टिश्यू फॅक्टर असें नांव आहे. मांस, कातडी, मेंदू हीं ज्या पेशींच्या विणीचीं बनलेलीं असतात त्या विणीला ऊति म्हणतात. म्हणून आपण आज त्याला ऊतिघटक म्हणूं. मी वैद्यकाचा पदवीधर नव्हे, सारा जन्म शाळेच्या फळ्यापुढें गेलेला मनुष्य आहें. तेव्हां शब्द होतां होईतों सोपे ठेवीन, आणि जेथें इंग्रजी नांवाला पर्याय नाहीं तेथें तेंच वापरीन.

हा शोध एकदम लागलेला नाहीं. फ्रान्समध्यें द ब्लेनव्हील या नांवाचा एक प्राणिशास्त्रज्ञ होता. त्यानें १८३४ सालीं मेंदूच्या ऊतीचा अर्क जिवंत जनावरांच्या शिरेंत टोंचून पाहिला. जनावरें जागच्या जागीं मेलीं, आणि त्यांच्या वाहिन्यांत रक्त गोठलेलें आढळलें. मेंदूंत विष असतें असें कोणी म्हणालें असतें तर तें त्या काळीं खपूनही गेलें असतें. वस्तुतः मेंदूंत विष नव्हतें. जी वस्तु वाहिनीबाहेर असावयाची ती वाहिनीच्या आंत घातली गेली होती, इतकेंच. पुढें त्याच शतकाच्या उत्तरार्धांत डोर्पाट येथील अलेक्झांडर श्मिट यानें रक्त गोठविणाऱ्या द्रव्याला थ्रॉम्बिन हें नांव दिलें, आणि १९०५ सालीं जर्मन वैद्य पाउल मोराविट्झ यानें सर्व धागे एकत्र करून एक सूत्र मांडलें. जखमी ऊतींतून एक द्रव्य निघतें. तें रक्तांतल्या कॅल्शियमच्या साह्यानें प्रोथ्रॉम्बिनचें थ्रॉम्बिन करतें. आणि थ्रॉम्बिन हें फायब्रिनोजेन नांवाच्या विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे तंतु बनवितें. त्या तंतूंच्या जाळ्यांत रक्ताच्या पेशी अडकतात, आणि आपण ज्याला गुठळी म्हणतों ती तयार होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, पुष्कळ भर पडली, पण मोराविट्झच्या सूत्राचा कणा मोडलेला नाहीं. विज्ञानांत इतकें आयुष्य फार थोड्या सूत्रांना लाभतें.

या ज्ञानाचा व्यवहारांत पहिला मोठा उपयोग अमेरिकेंतील आर्मंड क्विक यानें १९३५ सालीं केला. त्यानें सशाच्या मेंदूपासून ऊतिघटक असलेली भुकटी तयार केली. रोग्याचें रक्त नळींत घेतांना त्यांत सायट्रेट घालावयाचें, म्हणजे कॅल्शियम बांधलें जाऊन रक्त गोठत नाहीं. मग त्यांतील पेशी खालीं बसवून वरच्या पिवळसर द्रवांत ती भुकटी व नवें कॅल्शियम घालावयाचें, आणि घड्याळाकडे पाहत बसावयाचें. निरोगी माणसाचा द्रव साधारणपणें ११ ते १३ सेकंदांत गोठतो. तोच द्रव ऊतिघटकाविना नुसत्या कांचेंत ठेवला तर मिनिटेंच्या मिनिटें जातात. सेकंद आणि मिनिटें यांतला जो फरक, तोच ऊतिघटकाचा पराक्रम.

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं कृत्रिम झडप बसविलेलें, किंवा हृदयाची गति अनियमित असलेलें माणूस असेल. अशा माणसाला रक्त पातळ ठेवण्याच्या म्हणून वॉरफरिनसारख्या गोळ्या देतात, आणि वरचेवर आय्. एन्. आर्. नांवाची तपासणी करावयास सांगतात. ती तपासणी म्हणजे हीच क्विकची कसोटी. निरनिराळ्या ठिकाणच्या भुकटीचा जोर निरनिराळा असे. एका गांवच्या प्रयोगशाळेंत रोगी ठीक ठरे, दुसऱ्या गांवीं तोच धोक्यांत ठरे. हा घोळ मिटविण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९८३ सालीं सर्वांचे आंकडे एका मापांत आणण्याची रीति स्वीकारली. गोळ्या न घेणाऱ्या माणसाचा आंकडा १ च्या आसपास असतो. गोळ्या घेणाऱ्या बहुतेक रोग्यांत तो २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात, कांहीं झडपांसाठीं थोडा वर. आंकडा फार खालीं गेला तर गुठळीचें भय, फार वर गेला तर मेंदूंत किंवा पोटांत रक्तस्राव होण्याचें भय. घरांत अशा माणसाला कोणी दुखण्यावरची गोळी आपल्या मनानें देतें, कोणी झाडपाल्याचा काढा देतें, कोणी मेथी-पालक एकाएकीं बंद करतें किंवा एकाएकीं रोज वाढतें. या सर्वांनीं तो आंकडा हालतो. ज्यानें गोळी लिहून दिली त्याला विचारल्यावांचून यांतलें कांहींही करूं नये, आणि गोळी तर कधींच आपण होऊन थांबवूं नये.

आतां हा ऊतिघटक प्रत्यक्ष करतो काय, तें पाहूं. तो २६३ अमिनो आम्लांच्या सांखळीचें एक प्रथिन आहे. त्याची रचना १९८७ सालीं उकलली. सांखळीचा बहुतेक भाग, म्हणजे २१९ दुवे, पेशीच्या बाहेर डोकावत असतो. मधला लहानसा भाग पेशीच्या आवरणांत रुतलेला असतो. आणि उरलेला शेंपटासारखा आंत राहतो. दारांत रोवलेल्या खुंटीसारखाच हा प्रकार. रक्तांत सातवा घटक म्हणून एक प्रथिन अत्यल्प प्रमाणांत फिरत असतें. वाहिनी फुटली कीं तें बाहेर येतें आणि या खुंटीला अडकतें. एकटा सातवा घटक जवळजवळ निरुपयोगी असतो. खुंटीला अडकला कीं त्याचा जोर हजारों पटींनीं वाढतो. मग तो दहाव्या घटकाला जागा करतो, दहावा प्रोथ्रॉम्बिनचें थ्रॉम्बिन करतो, आणि थ्रॉम्बिन फायब्रिन विणूं लागतें. सातव्या घटकाच्या तुलनेनें रक्तांत फायब्रिनोजेन वजनानें कांहीं हजार पट असतें. मूठभर कारकुनांनीं सारा गांव उठवावा, तसा हा मामला आहे. १९६४ सालीं मॅकफार्लेन यानें इंग्लंडांत आणि डेव्ही व रॅटनॉफ यांनीं अमेरिकेंत ही पायरीपायरीची उतरंड जवळजवळ एकाच वेळीं मांडली. अमेरिकनांनीं तर तिला धबधबाच म्हटलें.

पण धबधबा सुरू झाला तर थांबणार कसा? बोटाला कापलें म्हणून सबंध हात गोठून कसें चालेल? तेव्हां लगामही हवा, आणि तो आहे. टीएफपीआय या आद्याक्षरांनीं ओळखलें जाणारें एक द्रव्य रक्तांत व वाहिनीच्या अस्तरावर असतें. थोडासा दहावा घटक जागा झाला, कीं तें त्याला धरतें, आणि त्याच्यासकट जाऊन खुंटीवरच्या सातव्या घटकालाही जखडतें. ठिणगी पडली, आणि लगेच काडी विझविली. मग जखम भरण्याइतका जाळ पेटतो कसा? याचें उत्तर १९७७ सालीं ऑस्टेरुड व रॅपापोर्ट यांच्या प्रयोगांतून मिळालें. तीच ठिणगी विझण्यापूर्वीं नवव्या घटकालाही पेटवून ठेवते. नववा व आठवा मिळून पुढें दहाव्याचा मोठा पुरवठा चालू ठेवतात. हिमोफिलिया हा जो आनुवंशिक रक्तस्रावाचा रोग, त्यांत आठवा किंवा नववा घटक नसतो. म्हणजे त्या मुलाला ठिणगी आहे, पण जाळ नाहीं.

या रोगाचें एक कोडें आईबापांना फार छळतें. मुलाचें बोट जरासें कापलें तर कित्येक वेळां फारसें कांहीं होत नाहीं. पण गुडघा, घोटा, कोपर हे सांधे आंतल्या आंत रक्तानें भरतात आणि कालांतरानें आंखडून निकामी होतात. असें कां? शरीरांत ऊतिघटक कोठें किती आहे, याचा नकाशा १९८९ सालीं अमेरिकन संशोधकांनीं प्रसिद्ध केला. मेंदू, फुप्फुस, वार, त्वचा, वाहिन्यांचीं बाहेरचीं वेष्टनें येथें तो भरपूर. हाडांवरचे स्नायु व सांधे येथें अगदीं तुटपुंजा. जेथें ठिणगीच बारीक, तेथें जाळाचा आधार तुटला म्हणजे कांहींच उरत नाहीं. तोच नकाशा उलट बाजूनें वाचला तर निसर्गाची काटकसर दिसते: ज्या ठिकाणीं थोडाही रक्तस्राव प्राणघातक, त्या मेंदूभोंवतीं विरजण जास्त. वारेंतही तें मुबलक असतें, कारण प्रसूतीच्या वेळीं वार सुटतांना आईचें रक्त झपाट्यानें थांबावें लागतें. मात्र तीच वार प्रसूतीपूर्वीं सुटली तर तो घटक आईच्या रक्तांत शिरून अनर्थ करूं शकतो. म्हणून गरोदरपणीं अंगावरून रक्त जाणें ही घरीं बसून वाट पाहण्याची गोष्ट नव्हे.

ऊतिघटकावांचून प्राणी जगतो कां, तेंही पाहून झालें आहे. १९९६ सालीं प्रयोगशाळांतून ज्यांना तो मुळींच नाहीं असे उंदीर निर्माण करण्याचा यत्न झाला. बहुतेक सारे गर्भांतच मेले. उलट बाराव्या घटकाची कथा ऐका. कांचेच्या नळींत रक्त गोठतें तें या घटकामुळें. कांचेचा स्पर्श झाला कीं तो जागा होतो. जॉन हेगमन नांवाच्या अमेरिकन रेल्वे-कामगाराच्या रक्तांत तो नव्हता. नळींत त्याचें रक्त गोठतां गोठेना, पण त्याला स्वतःला रक्तस्रावाचा कांहीं त्रास नव्हता. रॅटनॉफनें त्याची हकीकत १९५५ सालीं प्रसिद्ध केली. हा गृहस्थ १९६८ सालीं वारला तो पडून कंबरेचें हाड मोडल्यानंतर फुप्फुसांत गुठळी जाऊन! ज्याचें रक्त कांचेंत गोठत नाहीं तो गुठळीनें मरतो, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? कांचेचा रस्ता वेगळा, देहाचा रस्ता वेगळा.

येथवर ऊतिघटकाची सज्जन बाजू झाली. आतां दुसरी. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणींच्या भिंतींत वर्षानुवर्षें चरबीचा थर सांचत जातो. त्या थरांत मेलेल्या व मरणोन्मुख पेशींबरोबर ऊतिघटकही सांठलेला असतो, हें १९८९ सालीं दिसून आलें. थर पातळ पडून फुटला, कीं तो सांठा एकदम रक्ताला भिडतो. देहाला वाटतें जखम झाली. तो इमानानें गुठळी करतो. आणि त्या गुठळीनें रोहिणी बंद पडून हृदयाचा झटका येतो. कालपर्यंत जिना चढणारा मनुष्य आज एकाएकीं कोसळतो तो यामुळें. नळी हळूहळू पूर्ण बुजेपर्यंत रोग थांबत नाहीं. छातींत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, घाम अशी लक्षणें झालीं असतां सोडा-लिंबू पिऊन वाट पाहण्यांत जो अर्धा तास जातो, त्यांत हृदयाचा स्नायु मरत असतो.

जंतुदोष रक्तांत पसरला म्हणजे एरवीं निरुपद्रवी असणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकीं कांहीं आपल्या अंगावर ऊतिघटक उगवितात. विरजण दुधांतच तयार होऊं लागलें, असें समजा. सर्व शरीरभर बारीक बारीक गुठळ्या होतात, त्यांत गोठण्याचें सामान संपतें, आणि मग तोच रोगी हिरड्यांतून, सुईच्या टोंचांतून, लघवींतून रक्त गाळूं लागतो. एकाच वेळीं गोठणें आणि न गोठणें! २०२० सालीं कोविडच्या सांथींत अत्यवस्थ रोग्यांच्या फुप्फुसांत गुठळ्या आढळल्या, त्यांतही या घटकाचा हात होता असें संशोधकांना दिसलें. कर्करोगाच्या कित्येक गांठीही तो निर्माण करतात. पॅरिसचे विख्यात वैद्य आर्मंड ट्रूसो यांनीं १८६५ सालीं विद्यार्थ्यांना सांगितलें होतें कीं, शिरांतून विनाकारण गुठळ्या होऊं लागल्या तर पोटांत कोठें तरी कर्करोग लपला असल्याचा संशय घ्यावा. दोनच वर्षांनीं त्यांच्या स्वतःच्या शिरेंत गुठळी झाली. तिचा अर्थ त्यांना कोणी सांगावा लागला नाहीं. त्याच वर्षीं, १८६७ सालीं, ते जठराच्या कर्करोगानें वारले. एकच पोटरी सुजून दुखूं लागली तर ती तेल चोळून रगडण्याआधीं वैद्याला दाखवावी, असें म्हणतात तें यासाठींच.

आतां आपल्या रानावनाकडे वळूं. घोणस हा साप देशावरच्या शेतकऱ्याला आणि फुरसें कोंकणांतल्या माणसाला सांगावयास नको. हे दोघे ऊतिघटकाची वाटच पाहत नाहींत. घोणशीचें विष दहाव्या व पांचव्या घटकाला स्वतःच पेटवितें. फुरशाचें विष थेट प्रोथ्रॉम्बिनवर जातें. वर्दी देणाऱ्या शिपायाला वगळून कोणी परक्यानेंच नगारा वाजवावा, तसें होतें. गोठण्याचें सामान जागोजाग व्यर्थ खर्चून संपतें आणि रक्त पाण्यासारखें राहतें. म्हणून सर्पदंशाची जागा सुरीनें कापणें हा या दोन सापांच्या बाबतींत प्रत्यक्ष घात आहे. ती कापलेली जागा मग वाहतच राहते. इस्पितळांत अशा वेळीं एक अत्यंत साधी परीक्षा करतात. शिरेंतलें २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या कांचनळींत घ्यावयाचें, २० मिनिटें न हालवितां ठेवावयाचें, मग नळी तिरपी करून पाहावयाची. गोळा झाला तर बरें. पातळच राहिलें तर विष भिनलें आहे असें समजून प्रतिविष द्यावयाचें. ही नळी कांचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाहीं. आणि कां चालत नाहीं तें हेगमनच्या गोष्टीवरून आपल्या ध्यानांत आलें असेल. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारांवर चालणारें प्रतिविष मुंबईस हाफकिनच्या संस्थेंतही तयार होतें. तें इस्पितळांत मिळतें, मांत्रिकाच्या ओट्यावर मिळत नाहीं. मौज अशी कीं, वर ज्याचें नांव आलें त्याच मॅकफार्लेननें १९३४ सालीं हिमोफिलियाच्या रोग्यांच्या जखमांवर घोणशीच्या विषाचें अतिसौम्य द्रावण लावून रक्त थांबवून दाखविलें होतें.

ऊतिघटकाला आवरणारें औषध मिळालें तर जंतुदोषानें गोठणारे रोगी वांचतील, अशी आशा मोठी होती. टीएफपीआय हा लगाम कृत्रिम रीतीनें बनवून अशा रोग्यांना देण्यांत आला. २००३ सालीं निष्कर्ष छापून आले, ते निराशेचे होते: मृत्यु कमी झाले नाहींत, रक्तस्राव मात्र वाढला. ज्या वस्तूवांचून उंदराचा गर्भही टिकत नाहीं तिला सरसकट दाबणें सोपें नाहीं, हें त्यावरून दिसलें. उलट्या दिशेनें केलेले यत्न अधिक फळले. हिमोफिलियाच्या ज्या रोग्यांना आठवा घटक टोंचूनही लागू पडत नाहीं, त्यांना कृत्रिम सातवा घटक देण्याची सोय युरोपांत १९९६ सालीं झाली. कर्करोगाच्या पेशींवर ऊतिघटकाची खुंटी दाट असते, हें हेरून तिलाच चिकटणारें व विष नेऊन पोंचविणारें एक औषध गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठीं अमेरिकेंत २०२१ सालीं मान्य झालें. आणि हिमोफिलियांत जाळच पेटत नसेल तर ठिणगी लवकर विझवूं नये, म्हणजे टीएफपीआयचा लगामच सैल करावा, या विचारानें तयार झालेल्या दोन औषधांना २०२४ सालीं तेथें परवानगी मिळाली. तीं कातडीखालीं टोंचावयाचीं आहेत, एक रोज आणि दुसरें आठवड्यांतून एकदां. शीर शोधण्याचा जाच त्यांत नाहीं.